होरेस मॅन : अधिकार नसलेला एक सरकारी अधिकारी

चर्चाप्रस्ताव : जुनी_दप्तरे

१८३७ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमधल्या एका नामवंत वकिलाने आपली कायद्याची पुस्तके विकायला काढली आणि कचेरी भाड्याने देऊन टाकली. हे गृहस्थ म्हणजे होरेस मॅन. त्या वेळी ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते, वयाची चाळिशी नुकतीच ओलांडली होती, आणि पुढे गव्हर्नरपदापर्यंत जाण्याची वाट त्यांच्यासमोर मोकळी होती. ती वाट सोडून त्यांनी नव्याने स्थापन झालेल्या राज्य शिक्षण मंडळाचे सचिवपद पत्करले. यापुढे येणारी पिढी हीच आपली अशील, असे त्यांनी त्या वेळी लिहून ठेवले आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांचे जनक म्हणून त्यांचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते आणि तिच्यासाठीच हा धागा काढतो आहे. शाळेत न रमलेल्या, शिक्षक म्हणून फारसे नाव न कमावलेल्या या माणसाने शाळांसाठी जे काही केले, ते वकील म्हणून आणि विधिमंडळातला सभासद म्हणून शिकलेल्या विद्येच्या बळावर केले.

मॅन यांचा जन्म ४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन या गावी शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती ओढग्रस्तीची होती. टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या विणण्याचे काम घरातली मुले करत असत आणि त्यात होरेसही होते. पंधराव्या वर्षापर्यंत आपल्याला कोणत्याही वर्षी आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक शाळा लाभली नाही, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. गावात एक आधार मात्र होता. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावावरून गावाचे नाव ठेवल्यावर गावकऱ्यांनी त्यांच्याकडे चर्चसाठी घंटा मागितली होती. त्यांनी घंटेऐवजी पुस्तके पाठवली. त्या पुस्तकांतून उभ्या राहिलेल्या ग्रंथालयावर हा मुलगा वाढला.

१८०९ मध्ये वडील क्षयाने गेले. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ स्टीफन एका रविवारी, चर्चला न जाता पोहायला गेला असताना, बुडून मरण पावला. गावचे धर्मोपदेशक नॅथॅनियल एमन्स हे कॅल्व्हिन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे होते. ईश्वरी कृपेने अंतःकरण पालटल्याचा अनुभव न येता मरणाऱ्या तरुणांच्या वाट्याला काय येते, याचे वर्णन त्यांनी त्या प्रसंगी केले आणि ते ऐकून आईच्या तोंडून निघालेला हुंदका चौदा वर्षांच्या होरेस यांच्या मनातून आयुष्यभर गेला नाही. ज्या धर्ममताने शोकात बुडालेल्या आईला हे ऐकवले, त्या मताशी त्यांनी तेव्हाच नाते तोडले. पुढे शाळेत कोणत्या पंथाची शिकवण द्यायची, या प्रश्नावर त्यांनी जो कणखरपणा दाखवला, त्याचे मूळ मला या रविवारात दिसते.

एका फिरत्या शिक्षकाकडून सहा महिन्यांत ग्रीक आणि लॅटिनची तयारी करून ते १८१६ मध्ये ब्राऊन विद्यापीठात थेट दुसऱ्या वर्षाच्या वर्गात दाखल झाले आणि १८१९ मध्ये वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. काही काळ तिथेच शिकवल्यानंतर कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डच्या प्रसिद्ध विधिशाळेत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. १८२३ मध्ये सनद मिळाली आणि डेडम या गावी त्यांनी वकिली सुरू केली. १८२७ मध्ये ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून गेले. तिथली त्यांची सुरुवातीची भाषणे धर्मस्वातंत्र्यावर आणि रेल्वेमार्गांवर होती. त्या कामांपैकी एकावर थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्याची ती रंगीत तालीम होती.

त्या काळी मनोरुग्णांना तुरुंगात किंवा गावच्या गरीबखान्यात डांबून ठेवत. कुणाला थंडीत विनाशेकोटी, तर कुणाला साखळदंडाने बांधून. मॅन यांनी सभागृहात नुसती करुणेची भाषा केली नाही. त्यांनी गावोगावची माहिती मागवली, कोणत्या तुरुंगात किती रुग्ण आणि कोणत्या अवस्थेत आहेत याची मोजदाद केली आणि तो आकड्यांचा पुरावा सभागृहापुढे मांडला. त्यातून वुस्टर इथे राज्याचे मनोरुग्णालय उभे राहिले आणि १८३३ मध्ये ते सुरू झाले. बांधकामाच्या आयुक्तांचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. आधी माहिती, मग पुरावा, मग लोकांच्या विवेकाला आवाहन, हा क्रम त्यांनी इथे बसवला.

खासगी आयुष्यात हीच वर्षे सर्वांत कठीण होती. १८३० मध्ये ब्राऊन विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांची कन्या शार्लट मेसर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १ ऑगस्ट १८३२ रोजी त्या वारल्या. विवाहाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मॅन डेडम सोडून बॉस्टनला आले. त्यातच, भाऊ स्टॅन्ली यांच्या गिरण्यांच्या कर्जाला ते जामीन राहिले होते, तो व्यवसाय बुडाला आणि कर्ज त्यांच्या अंगावर आले. ते फेडण्यासाठी काही वर्षे हा राज्याचा सिनेटर स्वतःच्या कचेरीतच झोपत असे.

आता मूळ विषय. २० एप्रिल १८३७ च्या कायद्याने शिक्षण मंडळ स्थापन झाले. विधेयकाची बाजू जेम्स कार्टर यांनी लावून धरली होती, गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट त्याला अनुकूल होते आणि मॅन यांनी सचिवपद घ्यावे म्हणून एडमंड ड्वाइट या उद्योगपतींनी त्यांचे मन वळवले. ३० जून रोजी त्यांनी होकार कळवला. पण या मंडळाला अधिकार काय होते? शाळांची माहिती गोळा करायची आणि दरवर्षी विधिमंडळाला अहवाल द्यायचा, एवढेच. राज्यात सुमारे तीन हजार शाळा होत्या आणि त्यातली एकही मंडळाच्या हुकमतीखाली नव्हती. गावाने कर बसवायचा, वाडीवस्तीच्या समितीने शिक्षक नेमायचा, पुस्तक घरात जे असेल ते मुलाने आणायचे, आणि शेतीची कामे संपली की हिवाळ्यात काही आठवडे शाळा भरवायची, अशी रीत होती. ज्यांना परवडत होते ते आपली मुले खासगी शाळांत पाठवत आणि मग सार्वजनिक शाळेसाठी कर भरायला कुरकुर करत. सचिवाला वर्षाला १,५०० डॉलर वेतन ठरले. वकिलीत त्यांना यापेक्षा कितीतरी अधिक मिळत होते.

हुकूम काढता येत नाही म्हटल्यावर मॅन यांनी पुरावा गोळा करायला घेतला. त्यांनी गावोगावच्या शाळा-समित्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, घोड्यावरून राज्य पालथे घातले, जिल्ह्याजिल्ह्यात सभा घेतल्या. शाळेच्या इमारतींवर त्यांनी वेगळा अहवाल लिहिला. त्यात खिडक्या कुठे असाव्यात, बाकाला पाठ का हवी, लहान मुलांचे पाय जमिनीला का टेकले पाहिजेत, खोलीत हवा खेळती कशी राहील, याचा विचार आहे. हा अहवाल वाचताना एक गोष्ट जाणवते. दाव्यातल्या जागेचा पंचनामा वकिलाने ज्या बारकाईने करवून घ्यावा, त्या बारकाईने ते शाळेची खोली पाहत होते.

१८४१ चा पाचवा अहवाल तर मला संपूर्ण कैफियतच वाटतो. करदात्याला शिक्षणाचा आध्यात्मिक लाभ सांगून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी कारखानदारांना आणि व्यावसायिकांना पत्रे पाठवून विचारले, की शिकलेला कामगार आणि न शिकलेला कामगार यांच्या कामात आणि कमाईत तुम्हाला काय फरक दिसतो? आलेली उत्तरे त्यांनी साक्षीदारांच्या जबान्यांसारखी छापली. ज्यांच्या खिशातून कर जायचा, त्यांच्याच तोंडून शिक्षणाच्या बाजूने साक्ष घेतली. पुढच्या काही वर्षांत त्यांचा मुद्दा आणखी मूलभूत झाला. प्रत्येक मुलाला शिक्षणाचा नैसर्गिक हक्क आहे आणि म्हणून समाजाची मालमत्ता त्या हक्काला बांधील आहे, असा युक्तिवाद त्यांनी दहाव्या अहवालात केला. १८४८ च्या बाराव्या आणि शेवटच्या अहवालात शिक्षणाला समाजयंत्राचे समतोल चाक म्हटले आहे. हे वाक्य आज सगळीकडे उद्धृत होते, पण त्याच्या मागे अकरा वर्षांच्या आकड्यांची भिंत उभी आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

विरोध सोपा नव्हता. १८४० मध्ये मंडळच बरखास्त करावे, असा प्रस्ताव कनिष्ठ सभागृहात आला. हे मंडळ म्हणजे प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या राजेशाहीची नक्कल आहे आणि गावाचा अधिकार काढून घेण्याची ही पहिली पायरी आहे, असा आक्षेप होता. २४५ विरुद्ध १८२ मतांनी तो प्रस्ताव फेटाळला गेला आणि मंडळ वाचले.

१८४३ मध्ये मेरी पीबडी यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि विवाहानंतर हे जोडपे युरोपात गेले, ते बहुतांशी शाळाच पाहण्यासाठी. तिथून आल्यावर लिहिलेल्या सातव्या अहवालात प्रशियाच्या शाळांचे वर्णन आहे. शेकडो वर्ग पाहिले, पण पाठ घेताना बसून राहिलेला शिक्षक दिसला नाही आणि शिक्षा भोगणारे एकही मूल दिसले नाही, असे त्यांनी लिहिले. बॉस्टनच्या ३१ मुख्याध्यापकांना हा आपला अपमान वाटला आणि त्यांनी १८४४ मध्ये पुस्तकच छापून उत्तर दिले. मॅन यांनी त्याला पुस्तकाने प्रत्युत्तर दिले. १८४५ मध्ये त्यांचे मित्र सॅम्युअल ग्रिडली हाऊ आणि त्यांचे सहकारी यांनी बॉस्टनच्या शाळांतल्या मुलांची छापील प्रश्नपत्रिकेवर लेखी परीक्षा घेतली. तोवर समिती वर्गात येऊन तोंडी चार प्रश्न विचारून जात असे. लेखी उत्तरांमुळे पाठांतराचे पितळ उघडे पडले.

मंडळाच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल शाळा. ड्वाइट यांनी १०,००० डॉलर देऊ केले आणि तेवढीच रक्कम विधिमंडळाने घालावी अशी अट ठेवली. विधिमंडळाने ती मान्य केली. ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन इथे, अमेरिकेतली राज्याने चालवलेली पहिली नॉर्मल शाळा उघडली. सायरस पीअर्स हे तिचे प्राचार्य. पहिल्या दिवशी प्रवेशासाठी आलेल्या मुली होत्या तीन.

सभासदांनी आपली माहिती आणि मते अवश्य लिहावीत.

---

प्रतिसाद १ : चार्ल्सकाठची

लेख फार आवडला. मी गेली बारा वर्षे बॉस्टनजवळ राहते आणि मूळ लेखातल्या दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, म्हणून लिहिते.

पहिली म्हणजे फ्रँकलिन गावचे ग्रंथालय. बेंजामिन फ्रँकलिन यांनी पाठवलेली पुस्तके तिथे आजही काचेच्या कपाटात ठेवलेली आहेत. एकूण ११६ खंड होते. त्यांची निवड फ्रँकलिन यांचे लंडनमधले मित्र रिचर्ड प्राइस यांनी केली होती. जुन्या तपकिरी चामडी बांधणीची, कण्यावरची अक्षरे पुसट झालेली ही पुस्तके दिसायला अगदी साधी आहेत. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याने विचारले, की इतकी जाड पुस्तके त्या गावातली मुले खरोखर वाचत होती का? मी त्याला मॅन यांच्याविषयी सांगितले आणि आम्ही दोघे त्या कपाटासमोर बराच वेळ उभे राहिलो.

दुसरी गोष्ट म्हणजे राज्याच्या विधान भवनासमोरचा पुतळा. बीकन हिलवरच्या सोनेरी घुमटाच्या त्या इमारतीपुढच्या हिरवळीवर मॅन यांचा ब्राँझचा पुतळा १८६५ पासून उभा आहे. तो एमा स्टेबिन्स या शिल्पकर्तीने घडवला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्रसिद्ध कारंज्यावरची देवदूताची मूर्तीही त्यांचीच. याच हिरवळीवर मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर डॅनियल वेबस्टर यांचाही पुतळा आहे. १८५० मध्ये वेबस्टर यांनी पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याच्या कायद्याला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या मॅन यांनी त्यांच्यावर जाहीर पत्रांतून कठोर टीका केली होती. त्यामुळे पक्षाने मॅन यांना काँग्रेसची, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, उमेदवारी नाकारली, तरी मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. त्या हिरवळीवरून जाताना मला दर वेळी हे आठवते.

---

प्रतिसाद २ : खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षे शिकवून निवृत्त झाले आहे. बाकाला पाठ हवी आणि लहान मुलांचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत, हे मूळ लेखातले वाक्य वाचून मी थांबले. माझ्या पहिल्या शाळेत पहिलीच्या वर्गाला सातवीचे बाक दिलेले होते. मुलांचे पाय दिवसभर लोंबकळत असत आणि दुपारनंतर त्यांचे लक्ष का उडते, हे मला कळायला दोन वर्षे लागली. शाळेच्या इमारतीवर स्वतंत्र अहवाल लिहावासा वाटणारा अधिकारी मला म्हणून आपला वाटतो.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लेक्सिंग्टनला पहिल्या दिवशी तीनच मुली आल्या, तर पुढे ती शाळा टिकली कशी? आणि या शाळांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांना वेतन काय मिळत होते? स्त्रिया स्वस्तात मिळतात म्हणूनच तर त्यांना शिक्षक केले नाही ना, अशी शंका मनात येते.

---

प्रतिसाद ३ : सनदशीर

मी स्वतः वकिली करतो, त्यामुळे मॅन यांच्या वकिलीविषयी थोडी भर घालतो. त्यांनी १८३७ मध्ये कायद्याची पुस्तके विकायला काढली, तरी कायद्याने त्यांना सोडले नाही. फेब्रुवारी १८४८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचे निधन झाले आणि काँग्रेसमधल्या त्यांच्या रिकाम्या जागेवर मॅन निवडून गेले. त्याच एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये 'पर्ल' प्रकरण घडले. ७० हून अधिक गुलाम स्त्री-पुरुष आणि मुले 'पर्ल' नावाच्या छोट्या जहाजातून रात्री पोटोमॅक नदीने उत्तरेकडे निघाली. उलट्या वाऱ्यामुळे जहाज नदीच्या मुखाशी अडकले आणि पाठलाग करणाऱ्यांनी सगळ्यांना पकडून परत आणले. डॅनियल ड्रेटन आणि जहाजाचे कप्तान एडवर्ड सेयर्स यांच्यावर खटले भरले गेले आणि त्यांचा बचाव मॅन यांनी केला.

खटल्यातला कायद्याचा मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. ड्रेटन यांच्यावर चोरीचा आरोप होता, कारण गुलाम ही मालमत्ता मानली जात असे. चोरीसाठी दुसऱ्याची वस्तू आपल्या लाभासाठी बळकावण्याचा हेतू लागतो. ज्याने माणसांना स्वतंत्र प्रदेशात पोहोचवण्यासाठी जहाजात घेतले, त्याचा असा हेतू कुठे होता, हा बचावाचा गाभा होता. ज्या न्यायव्यवस्थेत गुलामगिरी कायदेशीर आहे, त्या व्यवस्थेच्या न्यायालयात उभे राहून गुलामगिरीवर व्याख्यान देण्यापेक्षा चोरीच्या व्याख्येतूनच आरोपाचे मूळ उपटणे, हे मुरलेल्या वकिलाचे काम आहे. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, पण अपिलात चोरीची शिक्षा रद्द झाली. गुलामांची वाहतूक केल्याच्या आरोपाखाली मात्र मोठे दंड झाले. ते भरणे शक्य नसल्याने दोघे १८५२ पर्यंत तुरुंगात राहिले. सिनेटर चार्ल्स सम्नर यांच्या खटपटीने राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी त्यांना माफी दिली तेव्हाच ते सुटले.

त्या १८४८ सालाकडे एकत्र पाहावे. मॅन काँग्रेसचे सभासद होते, शिक्षण मंडळाचे सचिवपद अजून सुटलेले नव्हते आणि बाराव्या अहवालाचे लेखन चालू होते. त्यातच ते रोज वॉशिंग्टनच्या न्यायालयात विरोधी जमावाच्या नजरा झेलत उभे राहत होते. हा सगळा भार त्यांच्या मुळातच नाजूक प्रकृतीवर पडत होता.

---

प्रतिसाद ४ : दुसरी_बाजू

मॅन यांच्याविषयी मलाही आदर आहे, पण धाग्यात त्यांची एकच बाजू येऊ नये, म्हणून हे लिहितो.

सर्व मुलांची एक सार्वजनिक शाळा, हा त्यांच्या सगळ्या लेखनाचा पाया आहे. मग त्यांच्याच काळात, त्यांच्या कचेरीपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, बॉस्टन शहर कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळेत बसवत होते, त्याविषयी त्यांचे बारा अहवाल गप्प का आहेत? गुलामगिरीविरोधी वक्ते वेंडेल फिलिप्स यांनी त्यांना हाच प्रश्न जाहीरपणे विचारला होता. सारा रॉबर्ट्स या लहान मुलीला घराजवळच्या शाळांनी प्रवेश नाकारला, तेव्हा तिच्या वतीने रॉबर्ट मॉरिस आणि चार्ल्स सम्नर न्यायालयात उभे राहिले. १८५० मध्ये सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी तो दावा फेटाळला. वेगळ्या शाळा कायद्याने बंद व्हायला १८५५ साल उजाडले. या साऱ्या लढ्यात मॅन कुठे होते? शाळांसाठी कर मिळत राहावा, मंडळ टिकावे, म्हणून त्यांनी हा प्रश्न बाजूला ठेवला, असेच म्हणावे लागते.

दुसरा मुद्दा धर्माचा. कोणत्याही एका पंथाची पुस्तके सार्वजनिक शाळेत वापरू नयेत, असा १८२७ चा कायदा होता आणि मॅन यांनी तो निष्ठेने पाळला. त्यामुळे कडव्या प्रोटेस्टंट उपदेशकांनी त्यांना धर्मबुडवे ठरवले. पण शाळेत टीकाटिप्पणीविना बायबल वाचावे, हा त्यांचा जो तोडगा होता, त्यातले बायबल प्रोटेस्टंटांचे होते. आयर्लंडमधून येणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना त्या शाळा तटस्थ वाटणे शक्यच नव्हते. जे मॅन यांना सर्वांचे सामाईक वाटत होते, ते प्रत्यक्षात त्यांच्या समाजापुरते सामाईक होते.

---

प्रतिसाद ५ : जुनी_दप्तरे

सर्वांचे मनापासून आभार. क्रमाने लिहितो.

खडूफळा बाई, लेक्सिंग्टनची शाळा टिकली ती पीअर्स यांच्या कष्टांमुळे. ते स्वतः शिकवत, सरावासाठी जोडलेल्या मुलांच्या शाळेवर देखरेख ठेवत आणि थंडीत शेकोट्याही पेटवत. पहिल्या वर्षातच संख्या वाढली. जागा अपुरी पडू लागल्यावर १८४४ मध्ये शाळा वेस्ट न्यूटनला गेली. त्या इमारतीसाठी १,५०० डॉलर हवे होते. मॅन जोसाया क्विन्सी यांच्याकडे गेले आणि स्वर्गातले सर्वांत उंच आसन विकत घेऊ इच्छिणारे कुणी ठाऊक असेल तर ते १,५०० डॉलरला मिळते आहे, असे म्हणाले. क्विन्सी यांनी पैसे दिले. १८५३ मध्ये शाळा फ्रेमिंगहॅमला आली आणि तिथे ती आज राज्य विद्यापीठ म्हणून चालू आहे. वेतनाबाबत तुमची शंका रास्त आहे. शिक्षिकांना पुरुषांच्या निम्म्याहूनही कमी पैसे मिळत, आणि गावांच्या समित्यांना स्त्रिया हव्या होत्या त्याचे हे एक मोठे कारण होते. लहान मुलांना शिकवण्याला स्त्रिया अधिक योग्य असतात, असे मॅन मनापासून मानत आणि तसे लिहीत, पण समान वेतनासाठी त्यांनी अहवालांत लढा दिला नाही. राजकारणात स्त्रियांनी पडू नये, असेच त्यांचे शेवटपर्यंत मत होते.

तुमच्या बाकांच्या अनुभवावरून एक प्रसंग आठवला. पिट्सफील्ड इथे शिक्षकांचा मेळावा होता. मॅन आणि गव्हर्नर जॉर्ज ब्रिग्ज वेळेआधी पोहोचले, तर शाळेची खोली केरकचऱ्याने भरलेली. कुणी काही तयारी केलेली नव्हती. गव्हर्नरांनी झाडू मिळवले आणि राज्याचा गव्हर्नर व मंडळाचा सचिव या दोघांनी ती खोली झाडून, बाक लावून, शिक्षक येण्यापूर्वी बसण्याजोगी केली.

दुसरी_बाजू यांचा आक्षेप मला मान्य आहे. मॅन यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे असे माझेही मत आहे, आणि काँग्रेसमध्ये गेल्यावर गुलामगिरीविरुद्ध त्यांनी जे निर्भय काम केले, त्याने ती झाकली जात नाही. सचिवपदावर असताना त्यांनी पुराव्याची जी पद्धत बसवली होती, ती या प्रश्नाला लावली असती, तर स्मिथ स्कूल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेची अवस्था अहवालात छापून आली असती. पण एक गोष्ट याच संदर्भात नोंदवावीशी वाटते. वेस्ट न्यूटनच्या नॉर्मल शाळेत क्लोई ली या कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश मिळाला. गावातले एकही घर तिला राहायला जागा देईना. तेव्हा होरेस आणि मेरी मॅन यांनी तिला आपल्या घरी ठेवून घेतले. अहवालात जे लिहायला ते कचरले, ते घरात करताना कचरले नाहीत. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे मला अजून उमगलेले नाही.

---

प्रतिसाद ६ : खडूफळा

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. क्लोई ली हिच्याविषयी वाचून मन भरून आले. मॅन यांच्या अखेरच्या वर्षांविषयी मूळ लेखात काहीच आलेले नाही. सवड मिळेल तेव्हा तेही लिहावे.

---

प्रतिसाद ७ : जुनी_दप्तरे

थोडक्यात लिहितो. १८५२ मध्ये ते गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षातर्फे गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि हरले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स सोडून ते ओहायोमधल्या यलो स्प्रिंग्ज या गावी नव्याने निघालेल्या अँटिऑक कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. १८५३ मध्ये कॉलेज सुरू झाले तेव्हा इमारती अपुऱ्या होत्या. मुले आणि मुली तिथे एकत्र, एकाच अभ्यासक्रमात शिकत. मॅन यांची भाची रिबेका पेनेल तिथे पुरुष प्राध्यापकांच्या बरोबरीच्या दर्जाने शिकवत असे. ती लेक्सिंग्टनच्या नॉर्मल शाळेत शिकलेली होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्यावरून काही विश्वस्त नाराज झाले, पण इथे मात्र मॅन मागे हटले नाहीत.

कॉलेज आर्थिकदृष्ट्या पहिल्यापासून डबघाईला आलेले होते. १०० डॉलर घेऊन कायमच्या शिष्यवृत्त्या विकण्याची संस्थापकांची योजना फसली आणि १८५९ मध्ये कर्जापायी कॉलेजच्या मालमत्तेचा लिलाव झाला. ते वाचवण्यासाठी मॅन यांनी केलेली धावपळ त्यांना झेपली नाही. त्या जूनमध्ये पदवीदान समारंभात त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, की मानवतेसाठी एखादा तरी विजय मिळवल्याशिवाय मरण्याची लाज वाटू द्या. त्यानंतर पाच आठवड्यांतच, २ ऑगस्ट १८५९ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह पुढे ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला नेण्यात आला आणि तिथल्या नॉर्थ बेरियल ग्राउंडमध्ये, सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेल्या शार्लट यांच्या शेजारी, ठेवण्यात आला. मेरी मॅन यांनी नंतर त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यांची भाषणे व अहवाल संपादित करून छापले. पिट्सफील्डच्या झाडूंचा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला तो मेरी यांच्यामुळेच.